गुरुवारची टेप

समीनानं कॅसेट थोडी पुढे पळवली, पुन्हा जरा मागे आणली आणि म्हणाली, "इथून ऐकू या. आधी आपलं नेहमीचंच आहे, परवानगी वगैरे."

गुरुवारची संध्याकाळ होती. नाशिकला गंगापूर रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं केंद्र होतं. तिथं आम्ही सतरंजीवर गोल करून बसायचो आणि एकमेकांच्या टेपा ऐकायचो. समुपदेशक व्हायचं शिक्षण होतं ते. आमच्या पद्धतीत सल्ला द्यायचा नाही, दोष काढायचा नाही, समोरचं माणूस जसं आहे तसं स्वीकारायचं आणि त्याचं नीट ऐकायचं. सांगायला एवढंसं, करायला जन्म जातो. सरावासाठी आम्ही गावातल्या लोकांना फुकट भेटायचो, त्यांना विचारून बोलणं टेप करायचो आणि गुरुवारी ती टेप सगळ्यांपुढे लावायचो. नाव मात्र सांगायचं नाही. टेपेवर स्वतःचंच 'हं... हं...' ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आज पाळी समीना तांबोळीची होती, म्हणून मी निवांत भिंतीला टेकून बसले होते. समीना जुन्या नाशकातल्या उर्दू शाळेत शिकवायची. ती चांगली होती, आणि मी तिच्याहून चांगली आहे असं मला मनातून वाटायचं.

टेप सुरू झाली.

"नातवंडं मला आवडतात हो. कुणाला नाही आवडत? पण आवडतात म्हणून जाणं वेगळं, आणि घरात एक बाई लागते म्हणून नेणं वेगळं."

आवाज ओळखायला मला दुसरं वाक्य लागलं नाही. ती माझी आई होती.

आमच्या वर्गाचा एक नियम होता, आणि तो पहिल्याच दिवशी इंदुताईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिका इंदुमती गुप्ते यांनी, प्रत्येकाकडून वदवून घेतला होता. टेपेतला आवाज ओळखीचा वाटला तर हात वर करायचा आणि खोलीबाहेर जायचं. का, कोण, काही सांगत बसायचं नाही. नाशिक तेव्हा आजच्याहून लहान होतं, त्यामुळे असं अधूनमधून व्हायचं. कुणाचा घरमालक निघायचा, कुणाची चुलत नणंद. मीही एकदा उठून गेले होते, आणि गेल्याचा मला अभिमान वाटला होता. त्या दिवशी माझा हात वर झाला नाही.

वडील गेले आणि त्याच सुमाराला माझं लग्न मोडलं. आई सटाण्याचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली. लोकांना वाटायचं मी आईला सांभाळते. खरं तर तिनंच मला उठवून, जेवायला घालून, कॉलेजात शिकवायला जाण्याइतकं शहाणं केलं होतं. त्यालाही आता चार-पाच वर्षं झाली होती. बडोद्याला माझा धाकटा भाऊ सतीश, त्याला जुळं झालं होतं. सतीश म्हणाला, आईला पाठव. मी म्हटलं, पाठवते. आमचं फोनवर ठरलं आणि संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." तिला आनंद झाला असेल असं मी धरून चालले.

आणखी एक गोष्ट होती. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. प्रमाणपत्र मिळालं की मला लोकांना भेटायला स्वतंत्र, शांत खोली लागणार होती. आईची खोली मागच्या बाजूला होती, तिला रस्त्याचा आवाज नव्हता. हे मी आईजवळ बोलले नव्हते, सतीशजवळही नाही. एरवी सतत बोलणारी मी, एवढ्याच गोष्टीबद्दल गप्प होते.

"खोली रिकामी हवीय तिला," टेपेत आई म्हणाली. "तसं म्हणत नाही ती. पडद्याचं कापड आणून कपाटात ठेवलंय. फिकट निळं. छान आहे."

समीनाचा आवाज आला, "तुम्हाला ते कापड दिसलं."

"दिसलं म्हणजे, तिनंच सांगितलं होतं कपाट आवर म्हणून."

सतरंजीवर कुणीतरी हळूच हसलं. मीसुद्धा हसल्यासारखा चेहरा केला. आजवर मी केलेल्या सगळ्या लबाड्यांमध्ये त्या हसण्याइतकी हलकट दुसरी नसेल.

आई पुढे बोलत राहिली. घरी ती इतकं सलग कधी बोलत नसे, निदान माझ्यासमोर. ती म्हणाली की एकसष्टाव्या वर्षी ती पोहायला शिकली. महापालिकेच्या तलावावर दुपारची बायकांची बॅच असते, तिथं तिच्या चार मैत्रिणी झाल्यात. पहिले कितीतरी दिवस कठडा सोडवेना. आणि एके दिवशी सुटला. घरी सांगितलं नाही, कारण मुलगी हसली नसती, पण कौतुक केलं असतं, आणि ते कौतुक तिला नको होतं. मी कान टवकारून ऐकत होते. मला वाटायचं आई दुपारी प्रवचनाला जाते. दुपारी गच्चीत ओले केस वाळवत बसलेली तिला मी कितीदा पाहिलं होतं. इतक्या दुपारी कोण न्हातं, हा प्रश्न मला पडला नव्हता.

"मग तुम्ही मुलीला सांगत का नाही, जायचं नाही म्हणून?" समीनानं विचारलं. हा खरं तर आमच्या पद्धतीतला प्रश्न नव्हे. इंदुताईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"सांगून पाहिलं तर ती ऐकायला बसते," आई म्हणाली. "म्हणजे कसं सांगू तुम्हाला. डोळे बारीक करते, मान अशी एका बाजूला घेते, आणि हं हं करते. शिकतेय ना ती. मग मला आपण पेशंट असल्यासारखं वाटतं. अहो, मुलीनं भांडावं. नको जाऊस म्हणावं, नाहीतर जा म्हणावं. पण मला एकदा विचारावं, तिनं, माझ्या पोरीनं. त्या शिकलेल्या बाईनं नको."

तेव्हा मी उठले. हात वर केला की नाही आठवत नाही. चपला न घालता जिन्यापर्यंत गेले. खालून दात कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता.

इंदुताई मागोमाग आल्या. मी एवढंच म्हटलं, "आई आहे माझी." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग त्या अगदी हळू पण स्पष्ट बोलल्या. जे ऐकलं ते माझं नव्हे, आईचं आणि समीनाचं आहे. घरी एक शब्द काढायचा नाही. आईला कळलं की मुलीनं ऐकलं, तर तिला मिळालेली ती एक जागाही जाईल. ती आपणहून बोलली तर ऐकायचं. समीनाला त्या कल्पना देतील, आणि या बाईंची टेप पुन्हा गटात लागणार नाही.

मला ते पटलं. मी मुद्दाम सांगते, मला ते मनापासून पटलं. आणि आत कुठेतरी मला सुटल्यासारखंही वाटलं. घरी जाऊन 'आई, नको जाऊस' असं म्हणायचं माझ्यावर आलं असतं, ते आता नियमानंच टळलं होतं.

घरी गेले तेव्हा आईनं पिठलं केलं होतं. तिनं दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. कसा झाला वर्ग, असं तिनं विचारलं. एरवी ती विचारत नसे, मीच सांगत सुटायचे. गुरुवारी काय काय होतं, कोण कसं अडखळलं, ताई काय म्हणाल्या, सगळं मी जेवताना तिला ऐकवायचे. सरावाला माणसं मिळत नाहीत, तुझ्या प्रवचनाच्या बायकांना सांग ना, असं मीच तिला कधीतरी म्हटलं होतं. त्या दिवशी मी म्हटलं, "ठीक झाला." तिनं ताट वाढलं. मी जेवले. तिनं पुन्हा विचारलं, आज कुणाची टेप होती. मी म्हटलं, ते सांगता येत नाही गं.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

पुढचे काही दिवस मी घरात चोरासारखी वागत होते. रविवारी दुपारी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी मनाचा हिय्या करून तिच्याजवळ जाऊन बसले. नियम न मोडता तिला बोलतं करायचं असं मी ठरवलं होतं. ती आपणहून बोलली तर ऐकायचं, असं ताई म्हणाल्याच होत्या.

मी विचारलं, "आई, बडोद्याला जायचं म्हटल्यावर तुला काय काय वाटतं?"

तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. आज विचाराल तर सांगते, ती आशा होती.

"तुला काय वाटतं, काय वाटत असेल मला?" ती म्हणाली.

मला तर सगळं माहीत होतं. तलाव, मैत्रिणी, फिकट निळं कापड. त्यातलं काहीही बोललं तर ते टेपेतलं झालं असतं. मी मान एका बाजूला घेतली. खरंच घेतली, घेतल्यावर माझ्या लक्षात आलं.

"मला तुझ्याकडून ऐकायचंय," मी म्हटलं.

"माझ्याकडून? परत?"

मला वाटलं ती कंटाळून म्हणतेय. मी गप्प राहिले, कारण समोरच्याला वेळ द्यायचा असतो. तिनं मेथीची जुडी संपवली, देठं कागदात गुंडाळली आणि उठताना म्हणाली, "काही नाही गं. सतीशला कळव, येते म्हणून."

तो महिना संपायच्या आत सतीश गाडी घेऊन आला. आईनं जाताना शेजारणींचा निरोप घेतला, मला जवळ घेतलं नाही, पण गाडीत बसल्यावर खिडकीतून हात बाहेर काढून माझा गाल चाचपला. नंतर वर्षभरानं मी त्या खोलीत पहिल्या माणसाला भेटले.

माझं बरं चाललं. चांगलंच चाललं. इंदुताई थकल्यावर केंद्राचा वर्ग मी आणि समीना मिळून चालवायला लागलो. दरवर्षी नव्या बॅचला गोपनीयता शिकवताना मी एक गोष्ट सांगायचे. एका विद्यार्थिनीनं टेपेवर स्वतःच्या जवळच्या माणसाचा आवाज ऐकला, त्यात तिच्याबद्दलच बोलणं होतं, तरी तिनं घरी अवाक्षर काढलं नाही. नाव घ्यायचे नाही, पण अशा सुरात सांगायचे की हुशार मुलांनी ओळखावं. मुलं ओळखायची. माझ्याकडे आदरानं बघायची. ती शेखी मी तेरा वर्षं मिरवली.

तेराव्या वर्षी समीना मागच्या बाजूला बसून माझा तास ऐकत होती. मुलं गेल्यावर ती खुर्च्या लावायला लागली. मध्येच थांबली.

"वृंदा, तू मला कधी विचारलं नाहीस."

"काय विचारायचं होतं?"

"मी आपण होऊन सांगू शकत नव्हते. तुझ्या आईनं शेवटच्या भेटीत मला सांगून ठेवलं होतं. म्हणाल्या, वृंदानं कधी विचारलं तर सगळं सांगा. नाही विचारलं तर राहू द्या."

मी म्हटलं की मी कशी विचारणार होते, नियम होता. समीना म्हणाली, हो, म्हणूनच मी वाट बघितली. पण आज तू ती गोष्ट सांगताना हसलीस, ते मला ऐकवलं नाही.

मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "विचारते. सांग."

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. आईच्या त्या भेटीत बोलणं सुरू होण्यापूर्वी समीनानं नेहमीप्रमाणे परवानगी मागितली होती, की हे बोलणं आमच्या वर्गात ऐकवलं जाईल. तो भाग तिनं आम्हाला ऐकवला नाही, कारण तो नेहमीचाच. आईनं विचारलं, वर्गातले सगळे ऐकतात? समीना म्हणाली, सगळे. गुरुवारच्या वर्गातले? हो, गुरुवारच्या. आई पदर सारखा करून म्हणाली, "मग करा चालू."

मी म्हटलं, म्हणजे तिला ठाऊक होतं.

"त्या माझ्याकडे आल्याच होत्या तुला सांगायला," समीना म्हणाली. "माझ्याशी बोलायचं होतं थोडंच. माहेरचं आडनाव लावून आल्या होत्या, मला काही पत्ता नव्हता. ताईंनी सांगितलं तेव्हा मी उडाले. पुढच्या भेटीला आल्या आल्या त्यांनी विचारलं, ऐकवलीत का टेप? मी हो म्हटलं. सगळे होते? मी काय सांगणार, तू उठून गेलीस म्हणून? तसं सांगितलं असतं तर तुझं नाव आलं असतं. म्हटलं, सगळे होते."

"मग?"

"मग त्या वाट बघत राहिल्या. दर भेटीला यायच्या, हवापाण्याचं बोलायच्या. शेवटी म्हणाल्या, पोरीनं ऐकलं आणि काही बोलली नाही. म्हणजे तिचं उत्तर मिळालं मला. मी त्यांना सांगायला पाहिजे होतं, वृंदा, की ती नियमामुळे गप्प आहे. पण सांगता येत नव्हतं. मीही शिकतच होते."

इतकी वर्षं समीनानं ते एकटीनं सांभाळलं होतं, आणि मी तिच्यासमोर दरवर्षी आरती ओवाळून घेत होते. तिच्याशी त्या वेळी काय बोलले ते आठवत नाही.

घरी येऊन मी त्याच खोलीत बसले आणि बडोद्याला फोन लावला. आईनं आता पंचाहत्तरी ओलांडली होती. फोन जुळ्यांपैकी एकानं उचलला आणि गुजरातीत ओरडून तिला बोलावलं. आमचं दर रविवारी बोलणं व्हायचं, बुधवारी फोन बघून ती दचकली. काय झालं, बरी आहेस ना, असं तिनं दोनदा विचारलं.

मी म्हटलं, "आई, ती टेप मी ऐकली होती. समीनाकडची."

मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"मग तू मला बोलली का नाहीस?"

"मी बोलले होते ना, वृंदा."

एवढंच म्हणाली, आणि तेही रागानं नाही. मी नियमाचं सांगायला लागले. ताई काय म्हणाल्या, मला कसं बंधन होतं, मी कशी त्या रविवारी तुझ्याजवळ येऊन बसले होते. माझ्याच आवाजात मला ती शिकलेली बाई ऐकू यायला लागली तसं माझं वाक्य अर्ध्यात राहिलं. मग मी खोलीचं सांगितलं. मला खोली हवी होती, नियम आड आला नसता तरी मी तुला थांबवलं असतं की नाही हे मला आजही ठाऊक नाही, असं सांगितलं. तिनं मध्ये हं केलं नाही, की असू दे म्हटलं नाही.

मी थांबले. तीही थांबली. गप्प बसून वाट बघायचा माझा धंदाच आहे, पण ती शांतता मला सोसेना.

"आहेस ना?" तिनं विचारलं.

"आहे."

"मग बोल की काहीतरी."

"आई, मला लाज वाटते," मी म्हटलं.

"वाटू दे," ती म्हणाली.

पण फोन तिनं ठेवला नाही.